फरकाचं पाणी

दर महिन्याच्या एकवीस तारखेला
मी खालच्या दारावर कागद चिकटवते:
मजला, आडनाव, मीटरचा आकडा.
पेन दोरीला बांधलंय. नेऊ नये.

प्लोव्दिवच्या कडेला, त्राकिया वसाहतीत,
आमच्या जिन्याची अठरा घरं
आणि तळघरात सगळ्यांचा मिळून एक मोठा मीटर.
अठरा आकड्यांची बेरीज मी करते.
एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
बेरजेत चुकत नाही.
मोठा मीटर म्हणतो, अजून चौदा घनमीटर.

ही चौदा कुणी प्यायलं नाही,
कुणी त्यात मिरच्या धुतल्या नाहीत लोणच्यासाठी.
बिलात त्यांना 'सामायिक' म्हणतात.

कुठेतरी पाणी मुरतंय, सगळे म्हणाले,
आणि एकमेकांना पाण्यात पाहू लागले.
तळमजल्यावरची पेन्का केस कापते घरी,
तिच्या बेसिनकडे बोटं गेली.
ग्रोझदान गाडी धुतो,
त्याची बादली तर रस्त्यावरच दिसते.

मग सातव्या मजल्यावरून दोचोने हाक मारली:
बाई, हे बिल जरा समजावून द्या,
तीन घनमीटर वापरले
आणि पैसे चाराचे कसे?

त्याच्या स्वयंपाकघरात बसले.
टेबलावर मेणकापड, त्यावर चष्म्याचं रिकामं घर.
मी बोट ठेवत गेले:
हे मागचं रीडिंग, हे आताचं.
हा पाण्याचा दर, हा सांडपाण्याचा,
जे आलं ते जाणारच, म्हणून त्याचेही पैसे.
हे शुद्धीकरण. हा कर.
आणि ही ओळ,
फरकातला तुमचा वाटा.

बोलायची थांबले तेव्हा ऐकू आलं.
न्हाणीघरात नळाखाली बादली,
आणि नळातून धागा.
सुईत ओवता येईल इतका बारीक.

मीटरला कळत नाही हे, तो म्हणाला.
लाजला नाही. उलट थोडा खुलला,
हुशार मुलगा फळ्याजवळ खुलतो तसा.
रात्रभरात चाळीस लिटर. काटा हलतसुद्धा नाही.
ही चोरी नव्हे बाई,
मीटर बहिरा आहे, त्याला मी काय करू?

तळघरातला बहिरा नाही, मी म्हटलं.
मग कागद उलटा केला, मागे भागाकार मांडला.
फरक वाटतात वापराच्या प्रमाणात.
ज्याचा आकडा मोठा, त्याच्या पदरात जास्त.
सगळ्यांत मोठा आकडा कुणाचा?

त्याने वर पाहिलं.
आठव्यावर कालिना, जुळी मुलं,
दिवसाला दोनदा चालणारं धुलाईयंत्र.
तिचा आवाज त्याच्याच छतातून येतो,
तक्रारही त्याने दोनदा केली होती.

बराच वेळ तो भागाकार पाहत राहिला.
पायऱ्या तपासत असावा.
मग उठला, न्हाणीत गेला,
आणि धागा तुटल्याचं मला ऐकू आलं.

पैसे त्याने मोजून दिले, नाणी सुद्धा,
पावती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.
दारात म्हणाला,
या वेळी माझा आकडा एकाने वाढवून लिहा.

तसं करता येत नाही, मी सांगितलं.
पुढच्या महिन्यात मीटर तितकाच मागे पडेल,
गणितात हे काहीच नाही,
एक महिना उसना.

उसना तर उसना, तो म्हणाला. लिहा.

मी लिहिला.
तीनाचा चार, त्याच दोरीच्या पेनाने,
आणि मुलांच्या वह्यांत ज्यासाठी गुण कापायची
तेच माझ्या हाताने.

पुढच्या एकवीसला फरक आला तेरा.
पेन्का म्हणाली, बघा, मी नव्हतेच.
ग्रोझदानने गाडी विकायला काढलीय, पाण्यामुळे नाही.
कालिनाचं बिल थोडं उतरलं, तिला वाटलं दर कमी झाले.
मी दुरुस्त केलं नाही.

तेरा अजून कुणाकुणाच्या बादल्यांत आहेत.
रात्री उशिरा, टीव्ही बंद झाले की
भिंतीतल्या नळ्यांना कान लावते.
त्याआधी माझा नळ पिळते. मग परत एकदा.